लढाया जिंकणारे जर्मन सैन्य दोन्ही महायुद्धे का हरले?

वाटसरू यांचा प्रश्न

गेले काही महिने मी प्रशियाच्या आणि पुढे एकसंध जर्मनीच्या युद्धनीतीचा इतिहास सवडीने वाचत आहे, आणि वाचन जसे वाढते तसे एक कोडे अधिकच घट्ट होत चालले आहे. ३ जुलै १८६६ रोजी कोनिगग्रेट्झ येथे ऑस्ट्रियाचा कणा एका दिवसात मोडला. सप्टेंबर १८७० मध्ये सेदान येथे फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आपल्या फौजेसह कैद झाला. ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस टॅनेनबर्गच्या परिसरात रशियाची एक संपूर्ण फौज नाहीशी झाली आणि मे-जून १९४० मध्ये अवघ्या सहा आठवड्यांत फ्रान्स शरण आला. ज्यांच्या नावावर असे विजय आहेत ते सैन्य १९१८ आणि १९४५ असे दोनदा पूर्णपणे हरते, याची संगती कशी लावायची?

शत्रू संख्येने जास्त होते, अमेरिका युद्धात उतरली, हिटलरने सेनापतींचे ऐकले नाही, ही नेहमीची उत्तरे मला ठाऊक आहेत. परंतु १९१४ मध्ये हिटलर नव्हता आणि त्याच वर्षी फ्रान्समधील मार्न नदीकाठी झालेल्या लढाईच्या वेळी अमेरिका तटस्थ होती, तरीही सहा आठवड्यांत फ्रान्स संपवण्याचा बेत तेथेच फसला. युद्धाची आखणी शांततेच्या काळात करून ठेवणारी जनरल स्टाफसारखी यंत्रणा त्या काळी दुसऱ्या कोणाकडे इतकी मुरलेली नव्हती. मग दोष त्या यंत्रणेच्या विचार करण्याच्या पद्धतीतच होता काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रसदवाला यांचे उत्तर

माझी सारी नोकरी सैन्याच्या रसद शाखेत झाली, त्यामुळे प्रत्येकाला आपल्याच खात्याचे महत्त्व दिसते हा आक्षेप माझ्यावर येईल, आणि तो मी आधीच मान्य करून टाकतो. तरीही माझे मत असे आहे की जर्मन जनरल स्टाफने लढाई कशी जिंकावी या प्रश्नाचा जितका सखोल अभ्यास केला, तितका लढाईनंतरच्या दिवशी सैन्याने काय खावे या प्रश्नाचा केला नाही. त्यांच्या डिव्हिजनच्या कचेरीत कारवाईची आखणी करणारा अधिकारी पहिला, रसदीचा दुसरा आणि शत्रूची खबर ठेवणारा तिसरा असे. हा क्रम केवळ कागदावरचा नव्हता. मान, बढती आणि सेनापतीचा कान हे सारे पहिल्या खुर्चीकडे होते, त्यामुळे हुशार माणसेही तिकडेच जात.

१९१४ चे उदाहरण घ्यावे. बेल्जियममधून पॅरिसच्या रोखाने वळसा घेणाऱ्या फॉन क्लुकच्या पहिल्या आर्मीत सुमारे ३ लाख २० हजार माणसे आणि ८४ हजार घोडे होते. घोड्यामागे दिवसाला अकरा किलो दाणा-वैरण धरली, तर हा हिशेब रोज नऊशे टनांच्या वर जातो. माझ्या उमेदीच्या काळात आमच्याकडे खेचरांच्या तुकड्या होत्या, आणि तेथे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात उमजत असे की मोटार उभी राहिली तर तेल पीत नाही, जनावर मात्र उभ्या उभ्या खाते. ती वैरण पुढे न्यायला गाड्या लागतात, गाड्या ओढायला आणखी घोडे लागतात आणि त्या घोड्यांनाही वैरण लागते. क्लुकच्या आर्मीने हा प्रश्न वाटेवरच्या शेतांवर सोपवला. ऑगस्टात पीक उभे होते म्हणून माणसांचे कसेबसे भागले, पण घोड्यांना कोवळे, हिरवे धान्य खावे लागले आणि ते आजारी पडू लागले. मार्न नदी गाठेपर्यंत घोडदळ आणि जड तोफा ओढणारी जनावरे पार थकली होती.

रेल्वेची कथा याहून वेगळी नाही. बेल्जियन सैन्याने माघार घेताना पूल आणि बोगदे उडवले होते, आणि सप्टेंबरच्या आरंभी आगगाडी जेथपर्यंत येऊ शकत होती ते ठिकाण पहिल्या आर्मीच्या पिछाडीला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर होते. हे अंतर मोटार ट्रकांनी भरून काढायचे होते. ट्रक मुळातच थोडे होते, आणि मार्नच्या लढाईपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक बंद पडले होते.

एवढ्या अनुभवानंतर सत्तावीस वर्षांनी रशियावर स्वारी करताना तरी हिशेब बदलायला हवा होता. २२ जून १९४१ रोजी तीस लाखांच्या आसपास जर्मन सैनिक सीमा ओलांडून गेले, आणि त्यांच्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते, ही गोष्ट रणगाड्यांची छायाचित्रे पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मोटारी होत्या, पण त्यांत जिंकलेल्या देशांतून गोळा केलेल्या गाड्यांचा इतका भरणा होता की त्यांचे प्रकार दोन हजारांच्या घरात गेले. ज्याने कधी सुट्या भागांची कोठी सांभाळली आहे त्याला या एका आकड्यावरून पुढचे सारे कळेल.

जर्मन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर होते आणि रशियन रुळांमधील १,५२४. फरक ८९ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम पंजाच्या रुंदीचा. एक रूळ आत सरकवून पुन्हा ठोकण्याचे काम जर्मन रेल्वे पलटणी झपाट्याने करत असत. खरी अडचण पुढे होती. रशियन इंजिने मोठी आणि पाण्याचा साठा जास्त ठेवणारी असल्यामुळे त्या मार्गांवर पाणी भरण्याची ठाणी लांब लांब अंतरावर होती, आणि जर्मन इंजिनाचे पाणी वाटेतच संपे. पुढे थंडी पडली तेव्हा या इंजिनांच्या बाहेरून गेलेल्या नळ्या गोठल्या.

हे कोणाला कळले नव्हते असे मुळीच नाही. रसदप्रमुख वाग्नर याच्या विभागाचा अंदाज असा होता की सीमेपासून सुमारे ५०० किलोमीटरपर्यंत सैन्य मोटारींच्या भरवशावर जाईल आणि त्यानंतर थांबून घडी बसवावी लागेल. मॉस्को हजार किलोमीटरवर होते. या अडचणीवर योजनेत उपाय असा निघाला की लाल सेना त्या पहिल्या टप्प्यातच संपेल असे गृहीत धरायचे. रसदीचा आकडा वाढवता येईना, म्हणून शत्रूचा आकडा कमी केला गेला. सैन्याचा जनरल स्टाफप्रमुख हाल्डर याने ३ जुलै रोजी रोजनिशीत लिहिले की ही मोहीम दोन आठवड्यांत जिंकली गेली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. ११ ऑगस्टची त्याची नोंद अशी आहे की आपण शत्रूच्या २०० डिव्हिजन धरल्या होत्या आणि आतापर्यंत ३६० मोजून झाल्या आहेत.

निळी शाई यांचे उत्तर

रसदवाला यांच्या आकड्यांशी माझा वाद नाही, त्यावरून निघणाऱ्या निष्कर्षाशी आहे. मार्नला जर्मन तोफा दारूगोळ्याअभावी गप्प झाल्या नव्हत्या आणि जर्मन सैनिक उपासमारीने मागे फिरले नव्हते. आणखी आठ-पंधरा दिवस तशीच चाल चालू राहिली असती तर रसदीने गळा धरला असता हे खरे, पण तेवढी वेळच आली नाही. तेथे जे बिघडले ते आज्ञा देण्याच्या आणि पाळण्याच्या पद्धतीत बिघडले, आणि विशेष म्हणजे ज्या गुणासाठी हे सैन्य वाखाणले जाते त्याच गुणामुळे बिघडले.

काय साधायचे ते वरिष्ठाने सांगावे आणि कसे साधायचे ते जागेवरच्या माणसाने ठरवावे, ही प्रशियाची जुनी शिकवण होती. टॅनेनबर्गचे पाहा. २८ ऑगस्ट १९१४ रोजी तेथील जर्मन आर्मीचा स्टाफप्रमुख लुडेनडॉर्फ याने जनरल फॉन फ्रान्स्वा याला उत्तरेकडे वळून शेजारच्या तुकड्यांना मदत करण्याचा हुकूम पाठवला. फ्रान्स्वाने तो सरळ बाजूला ठेवला आणि पूर्वेला नायडेनबर्गच्या दिशेने कूच चालूच ठेवली. त्यामुळे रशियनांची परतीची वाट बंद झाली, नव्वद हजारांहून अधिक कैदी हाती लागले आणि हुकूम मोडणारा शहाणा ठरला.

आता पाचच दिवसांनी पश्चिमेकडे काय घडले ते पाहावे. २ सप्टेंबरच्या रात्री क्लुकला हुकूम मिळाला की त्याने ब्यूलोच्या दुसऱ्या आर्मीच्या मागे राहून पॅरिसकडील बगल सांभाळावी. पळणारे फ्रेंच सैन्य समोर दिसत असताना मागे राहणे क्लुकला पटले नाही, आणि तो सर्वांच्या पुढे मार्न ओलांडून गेला. ५ सप्टेंबरला पॅरिसच्या बाजूने नवी फ्रेंच फौज त्याच्या उघड्या बगलेवर आली, तेव्हा तिला तोंड देण्यासाठी त्याने आपल्या कोअर (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या तुकड्या) एकामागून एक माघारी वळवल्या. त्यामुळे त्याच्या आणि ब्यूलोच्या सैन्यात चाळीस-पन्नास किलोमीटरची फट पडली, आणि ब्रिटिश सैन्य, मोठ्या सावधपणे का होईना, नेमके त्या फटीत शिरले.

या वेळी सरसेनापती धाकटा मोल्टके (१८६६ आणि १८७० च्या विजयांची आखणी करणाऱ्या थोरल्या मोल्टकेचा पुतण्या) होता लक्झेंबर्गमध्ये, मुलींच्या एका शाळेत थाटलेल्या मुख्यालयात, क्लुकपासून दोनशे किलोमीटरहून दूर. बिनतारी संदेश उशिरा येत, अर्धवट येत. शेवटी ८ सप्टेंबरला त्याने लेफ्टनंट कर्नल हेंट्श या अधिकाऱ्याला मोटारीने आघाडीवर पाठवले, तेही लेखी हुकूम न देता, तोंडी सूचनांवर. हेंट्श ९ तारखेला क्लुकच्या ठाण्यावर पोचला, प्रत्यक्ष क्लुकला भेटलाच नाही, त्याच्या प्रमुख स्टाफ अधिकाऱ्याशी बोलला, आणि माघारीचा निर्णय होऊन गेला. त्या घटकेला पॅरिसच्या बाजूला क्लुकचे सैन्य फ्रेंचांना मागे रेटत होते. लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याचा एक माणूस मोटारीतून येतो आणि दोन आर्मींची माघार ठरवून जातो, हे मला आजही विलक्षण वाटते. हुकूम मोडणारा सेनापती चालतो, पण मग त्या मोडतोडीची खबर वेळेवर घेणारा कोणी वर असावा लागतो.

दुसरा मुद्दा राजकारणाचा आहे, आणि माझ्या मते वाटसरूंच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. १८६६ मध्ये कोनिगग्रेट्झनंतर व्हिएन्नाचा रस्ता मोकळा होता. राजाला आणि सेनापतींना पुढे जायचे होते, पण प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने हट्टाने युद्ध थांबवले आणि सात आठवड्यांच्या आत ऑस्ट्रियाशी तह केला. थोरल्या मोल्टकेच्या लढाया युद्ध जिंकून देणाऱ्या ठरल्या, कारण त्या कोठे थांबवायच्या हे ठरवणारा माणूस वेगळा होता आणि तो सैनिक नव्हता. १८७० मध्ये मात्र सेदाननंतरही फ्रेंच लढतच राहिले. फ्रेंच मंत्री गांबेता पॅरिसच्या वेढ्यातून हवाई फुग्यात बसून बाहेर पडला, त्याने नव्या फौजा उभ्या केल्या, आणि पॅरिस शरण यायला २८ जानेवारी १८७१ उजाडला. थोरल्या मोल्टकेने यातून जो बोध घेतला तो त्याने मे १८९० मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, संसदेत बोलून दाखवला: पुढचे युद्ध सात वर्षांचे असेल, कदाचित तीस वर्षांचेही. त्याच्या वारसांनी मात्र ते लांबणार नाही अशीच योजना आखली.

१९०६ पर्यंत जनरल स्टाफप्रमुख असलेल्या श्लिफेनच्या आणि पुढे धाकट्या मोल्टकेच्या योजनेत बेल्जियममधून जाणे अटळ होते. तेथून गेले की इंग्लंड युद्धात येणार, हा धोका लष्करी गणितात किरकोळ मानला गेला. १ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी इंग्लंड तटस्थ राहील अशी आशा दाखवणारी तार आली, तेव्हा कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, सारे सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवा असे सांगितले. दहा लाख माणसांची मांडणी अशी ऐनवेळी फिरवता येत नाही, असे मोल्टके उत्तरला. 'तुमच्या काकांनी मला वेगळे उत्तर दिले असते', असे कैसर त्यावर म्हणाला, हे मोल्टकेनेच लिहून ठेवले आहे. आगगाड्यांचे वेळापत्रक परराष्ट्र धोरण ठरवू लागले होते. (यावरून रसदवाला म्हणतील की पाहा, शेवटी रेल्वेच! त्यांना तेवढे श्रेय द्यायला माझी हरकत नाही.)

मार्च १९१८ मधील लुडेनडॉर्फच्या मोठ्या चढाईतही हेच दिसते. थोडा वेळ पण अतिशय तीव्र तोफमारा, मग शत्रूची बळकट ठाणी टाळून मधल्या फटींतून घुसणाऱ्या निवडक तुकड्या, अशी डावपेचांच्या दृष्टीने अप्रतिम कारवाई. साठ-एक किलोमीटर मुसंडी मारली गेली. पण आधी भोक पाडू, पुढचे पुढे पाहू, अशीच लुडेनडॉर्फची भूमिका होती. ज्या आमियँ शहरातील रेल्वे जंक्शनवर ब्रिटिशांची मदार होती ते हाती लागलेच नाही.

तिसरा प्रहर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण दोन्हींत जर्मन सैन्याकडे बुद्धिबळाच्या पटाकडे पाहावे तसे पाहिले गेले आहे, म्हणून थोडे खटकणारे लिहितो. 'सेनापती थोर होते, हिटलरने घात केला' ही समजूत आली कोठून? युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या इतिहास विभागाने जर्मन अधिकाऱ्यांकडून दोन हजारांहून अधिक टिपणे लिहून घेतली, आणि त्या कामाची सूत्रे अनेक वर्षे कोणाकडे होती, तर त्याच हाल्डरकडे. अमेरिकेला रशियाशी लढण्याचा अनुभव हवा होता आणि जर्मन सेनापतींना आपले नाव धुऊन हवे होते. शिवाय हिटलर मेलेला होता, त्यामुळे कोणताही दोष नाकारायला तो येणार नव्हता. पराभूतांनी लिहिलेला इतिहास जेत्यांनी छापावा, असे क्वचितच घडते.

त्या टिपणांतून काय गळले तेही पाहावे लागेल. रसदवाला ज्या तुटीबद्दल लिहितात ती तूट शेवटी कोणाच्या अंगावर गेली? १९४१ च्या योजनेत सैन्याने जिंकलेल्या मुलखावरच पोट भरायचे असे ठरले होते, आणि त्यामुळे तेथील लाखो लोक उपाशी मरतील हे आखणी करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. जर्मनांच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैदी लागले आणि त्यांतील सुमारे ३३ लाख मेले, बहुतेक जण भुकेने, थंडीने, रोगाने आणि गोळ्या घालून. कीएव्हसारख्या ज्या वेढ्यांचे नकाशे आपण कौतुकाने पाहतो, त्या वेढ्यांतलीच ही माणसे. याची जबाबदारी केवळ हिटलरच्या खास पथकांवर ढकलता येत नाही, कारण कैद्यांच्या छावण्या मोठ्या प्रमाणावर सैन्याच्या ताब्यात होत्या. जर्मनीतही १९९५ मध्ये हांबुर्गच्या एका संशोधन संस्थेने सैन्याच्या गुन्ह्यांविषयीचे प्रदर्शन शहरोशहरी नेले, तेव्हा मोठा गदारोळ उठला होता.

१९१४ मध्येही याची लहान आवृत्ती दिसते. २३ ऑगस्टला दिनाँ या बेल्जियन गावात ६७४ नागरिक मारले गेले, आणि २५ ऑगस्टपासून लुव्हाँ शहर व तेथील विद्यापीठाचे ग्रंथालय जाळण्यात आले. १८७० मध्ये खेड्यापाड्यांतून गोळ्या झाडणाऱ्या फ्रेंच बंदूकधाऱ्यांची धास्ती सैन्याच्या मनात मुरलेली होती, आणि वेळापत्रक सांभाळायचे म्हणून वाटेत कोणाशीही रेंगाळायला सवड नव्हती. युद्ध झटपट संपलेच पाहिजे या आग्रहाची किंमत अशी वाटेवरच्या लोकांकडून वसूल होत असते.

वाटसरू

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तिसरा प्रहर यांचा मुद्दा माझ्या मूळ प्रश्नात असायला हवा होता, हे मान्य करतो. एक शंका उरते. सर्व उत्तरे चढाईबद्दल आहेत. परंतु १९१७ मध्ये पश्चिमेकडे आणि १९४३ ते ४५ या काळात इटलीत हे सैन्य बहुतांशी बचावच करत होते, आणि तोही चिवटपणे. तेथे 'झटपट युद्ध' ही कल्पना लागू पडत नाही. मग तो बचाव ते कोठून शिकले?

रसदवाला

फ्रान्समधील सोम नदीकाठच्या रणभूमीवर, आणि फार महाग शिकवणीने. १९१६ पर्यंत पुढच्या खंदकाची एक वीतही सोडायची नाही असा दंडक होता, आणि त्यामुळे ब्रिटिश तोफांखाली माणसे नाहक मरत होती. त्यानंतर पद्धत बदलली. आघाडीवर थोडी माणसे ठेवायची, शत्रूला आत येऊ द्यायचे, तो दमला आणि त्याचा तोफखाना मागे पडला की राखीव तुकड्यांनी ताबडतोब उलटा हल्ला करायचा. मशीनगनची ठाणी टेकडीच्या शत्रूकडील अंगाला न ठेवता पलीकडच्या उतारावर लपवायची, म्हणजे माथा ओलांडून आलेला माणूस अगदी जवळून टप्प्यात येतो आणि त्याच्या मागच्या तोफांना काही दिसत नाही.

इटलीतील या बचावाला मराठी माणसे प्रत्यक्ष भिडलेली आहेत. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने सेनिओ नदी ओलांडली. नदी म्हणजे पंधरा-एक फूट रुंदीचा, छातीइतका खोल प्रवाह, पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंचीचे मातीचे बांध, आणि ते बांध जर्मनांनी आतून पोखरून त्यांत ठाणी केलेली. पलीकडचा काठ गाठणाऱ्या तुकडीवर मारा झाला तो पाठीमागून, कारण नुकत्याच ओलांडलेल्या पूर्वेकडील बांधाच्या आतल्या अंगालाच मशीनगन दडवलेल्या होत्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले आणि जवळचे बाकीचे सारे मारले गेले. उरले ते एकटे निरोप्या शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. त्यांनी एकेका जखमीला पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून उचलून सुरक्षित जागी नेले, मग ते परत फिरले आणि त्यांनी मशीनगनचे एक ठाणे बंद पाडले. हाताला जखम होऊन टॉमी गन चालवता येईना, तेव्हा बॉम्ब फेकून आणखी दोन ठाणी बंद केली, आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या बांधांची आखणी कागदावर पाहिली तर आजही तिच्यात खोट काढणे कठीण आहे. त्यानंतर तेवीस दिवसांनी इटलीतील सर्व जर्मन सैन्य शरण आले.